एका महिन्यात पाच समारंभ: आजीने कुठे कुठे जायचं?

पत्र (थोडक्यात):

माझं वय ७४. पुढच्या महिन्यात, ऐन वसंतात, आमच्या घरात पाच समारंभ आहेत. लेकीच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. तिच्या मुलाचा पदवीदान समारंभ दुसऱ्या शहरात आहे. तिच्याच मुलीला १८ पूर्ण होतात. धाकट्या सुनेला गेल्या आठवड्यात मुलगी झाली, तिला बघायला सगळे जमणार आहेत. त्यांचा थोरला चार वर्षांचा आहे. महिनाअखेर माझी पंच्याहत्तरी. त्याचं काय करायचं ते मुलं ठरवतील. मधेच एक दिवस यांना जाऊन दोन वर्षं होतील, पण एवढ्या धांदलीत तो कोणाच्या लक्षात राहणार? मला सगळीकडे जायचंय. पण गर्दीत कोण काय बोलतंय ते कळत नाही. मी कोपऱ्यात बसून हसत राहते आणि घरी आल्यावर काही आठवत नाही. गेल्या वर्षी अशाच एका महिन्यानंतर आठवडाभर अंथरुणावरून उठले नाही. नाही म्हटलं की मुलं हिरमुसतात. मी स्वार्थी झालेय का?

उत्तर:

आजी,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार लागलं: ‘मी कोपऱ्यात बसून हसत राहते.’ ज्या बाईमुळे ही सगळी माणसं एका छताखाली जमतात, तिनेच पाहुण्यासारखं कडेला बसून वेळ काढायचा, हे बरोबर नाही. तुम्ही स्वार्थी नाही. पाचही ठिकाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर राहणं हे प्रेमाचं माप आहे असं तुम्ही आणि तुमच्या मुलांनी मिळून धरलंय, आणि ते माप मोडायला हवं.

तुम्ही प्रत्येक समारंभाबद्दल ‘जाऊ की नको?’ असं विचारताय. त्याऐवजी ‘मी कोणासाठी जाते आहे?’ असं विचारून बघा. माणूस ठरला की किती वेळ थांबायचं, कधी जायचं, त्याच दिवशी जायलाच हवं का, हे सगळं आपोआप सुटत जातं.

आर्थर रुबिनस्टाईन हे पियानोवादक ८९ व्या वर्षापर्यंत जाहीर मैफली करत होते. ऐंशीच्या घरात असताना त्यांना कोणीतरी विचारलं, या वयात तुम्ही इतकं चांगलं कसं वाजवता? त्यांचं उत्तर वार्धक्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस नेहमी सांगत. रुबिनस्टाईन पूर्वीपेक्षा कमी रचना वाजवत, त्यांचाच जास्त सराव करत, आणि जलद भाग येण्याआधीचा भाग मुद्दाम संथ वाजवत, म्हणजे पुढचा जलद भाग उठून दिसे. त्यांचं वाजवणं थांबलं नाही, श्रोत्यांनाही काही कमी मिळालं नाही. तुमच्या महिन्याचीही मांडणी अशी करता येईल. ठिकाणं कमी, त्यांची तयारी जास्त, आणि प्रत्येकाच्या आधी संथ दिवस.

आता तुमच्या यादीकडे येते.

लेकीच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस मला सगळ्यात सोपा वाटतो. तास-दीड तास जा, सुरुवातीलाच, माणसं ताजीतवानी असताना, आणि गर्दी वाढायच्या आत निघा. जाताना तिला एक पत्र द्या. लग्न ठरलं तेव्हा तुमच्या मनात काय होतं, तुमच्या यजमानांनी जावयाबद्दल पहिल्यांदा काय म्हटलं होतं, हे आता तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

पदवीदानाबद्दल मी थोडी कठोर होते. लांबचा प्रवास, तासन्‌तास एका खुर्चीत बसणं, शेकडो नावं पुकारली जाणार आणि त्यातलं एक आपलं. मग बाहेर फोटोंसाठी उभं राहणं. तुमच्या महिन्यातली सर्वात जास्त ताकद हाच एक दिवस खाईल. म्हणून आई-वडिलांना नाही, नातवाला स्वतःला फोन करा आणि सरळ विचारा: ‘मी त्या दिवशी तिथे असणं तुला हवंय, की नंतर दोन दिवस तू माझ्याकडे येऊन राहिलास तर तुला जास्त आवडेल?’ बावीस वर्षांची मुलं असं विचारलं की खरं सांगतात. पुष्कळ संस्था हा सोहळा थेट दाखवतात, तेव्हा तोही पर्याय आहे. पण त्याने ‘आजी, तू ये’ म्हटलं तर नक्की जा, आणि त्या बदल्यात दुसरं काहीतरी सोडा. एक दिवस आधी पोहोचा, दुसऱ्या दिवशी परता. कडेची खुर्ची आणि लागली तर चाकांची खुर्ची आधीच मागून ठेवा. मागायला संकोच करू नका. ही सोय तुमच्यासारख्यांसाठीच केलेली असते.

नातीच्या अठराव्या वाढदिवसाला तिच्या वयाची मुलं-मुली जमतील, मोठ्याने गाणी लागतील. तिथे तुमचं काम नाही आणि तिलाही त्या संध्याकाळी तुमची काळजी करत बसायला लावू नये. तिला वेगळ्या दिवशी एकटीला बोलवा. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराण्याबद्दल वीस प्रश्न विचारले होते: आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, घरात काही वाईट घडलं होतं का, असे. ज्या मुलांना हे जास्त ठाऊक होतं त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त असल्याचं आणि त्यांच्या घरातले संबंधही बरे असल्याचं आढळलं. नुसती उत्तरं पाठ करून घेतली की काम झालं, असं मात्र नाही, हेही त्या संशोधकांनी बजावलं. ज्या घरात बसून, वेळ काढून हे सांगितलं जातं, त्या घराची ती खूण आहे. आणि नुसत्या यशाच्या गोष्टी सांगू नका. कधी कर्ज झालं, कधी भावाभावांत अबोला आला, मग त्यातून घर कसं सावरलं, असं सगळं सांगा. अठराव्या वर्षी मुलीला पुढचं सगळं सरळच होणार असं वाटत असतं, किंवा काहीच होणार नाही असं. दोन्ही वेळी तिला तुमच्या या गोष्टी लागतील.

बाळाबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

सगळे जमतील त्या दिवशी तुम्ही जाऊ नका. आधी जा किंवा नंतर जा, पण वेगळ्या दिवशी जा. इतक्या लहान बाळाला एका दुपारी पंधरा हातांतून फिरवणं मला मुळीच पसंत नाही, आणि हे सुनेने म्हटलं तर वाईटपणा तिच्याकडे येतो. तुम्ही म्हणा. वडीलधाऱ्या बाईने ‘हात धुतल्याशिवाय कोणी बाळाला घ्यायचं नाही, सर्दी-खोकला असेल त्याने यायचंच नाही’ असं सांगितलं की कोणी उलटून बोलत नाही. ओठावर फोड आलेला असेल तर बाळाचा पापा तर सोडाच, त्याला जवळही घेऊ नये. असा फोड आणणारा हर्पीस विषाणू नवजात बाळाला जिवावरचा ठरू शकतो. ज्यांना राहवत नाही त्यांनी पायाचा पापा घ्यावा, हात बाळ तोंडात घालतं.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत डॉक्टरांना एक गोष्ट विचारा: डांग्या खोकल्याची लस. लहानपणीच्या लशीचं संरक्षण वर्षांनुवर्षं टिकत नाही. मोठ्या माणसाला हा आजार नुसत्या रेंगाळलेल्या खोकल्यासारखा वाटतो, पण तान्ह्या बाळाचा त्यात श्वासच थांबू शकतो. बाळाची स्वतःची या आजारावरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास असते, तोवर भोवतालची माणसं हेच त्याचं कुंपण. मोठ्यांसाठी डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात यांची एकत्रित लस असते. तिचा उपयोग व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा.

आणि त्या घरात गेल्यावर बाळाकडे नाही, चार वर्षांच्या थोरल्याकडे जा. टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ अभ्यास केला. तिथे बायका जमिनीतून कंद खणून आणतात. आईला नवं बाळ झालं की तिचं खणणं कमी होतं, आणि मग थोरल्या मुलाचं वजन वाढतं की नाही हे आजीने किती खणून आणलं यावर अवलंबून राहतं, असं त्यांना दिसलं. माणसाच्या जातीत बायका मूल होण्याचं वय सरल्यावरही इतकी वर्षं का जगतात, याचा त्यांनी मांडलेला विचार याच निरीक्षणातून पुढे आला. मला हे फार खरं वाटतं. नव्या बाळाला आई आहे. ज्याची आई कालपर्यंत पूर्ण त्याची होती आणि आता अर्धीच उरलीय, त्या पोराला आजी हवी असते. त्याला घेऊन दुसऱ्या खोलीत बसा, दार लोटून घ्या, त्याच्याशी खेळा, तो झोपेल तर तुम्हीही त्याच्याशेजारी आडव्या व्हा. तेवढ्यात सुनेची दोन तास झोप होईल. बाळाला तुम्ही पाचच मिनिटं पाहिलंत तरी चालेल.

आता त्या कोपऱ्याकडे वळते, कारण तुमचा निम्मा थकवा मला पायांतला वाटत नाही, कानांतला वाटतो.

‘कोण काय बोलतंय ते कळत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, ‘ऐकू येत नाही’ असं नाही. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज कमी होतात. स, श, फ, थ अशी व्यंजनं त्या पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीत. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे समजतं, शब्द मात्र गळतात. लहान मुलांचे आवाज बारीक, म्हणून नातवंडांचं बोलणंच सगळ्यात आधी निसटतं. त्यात पार्श्वभूमीला गाणं आणि चार टोळक्यांच्या गप्पा असल्या की मेंदू सतत रिकाम्या जागा भरत बसतो. सगळी ताकद या तर्कात गेल्यावर लक्षात काय राहणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडथळा येईल इतका बहिरेपणा असतो. तुम्ही एकट्या नाही, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. चष्मा आपण लाजून टाळतो का?

तपासणी महिना सुरू होण्याआधी करून घ्या. श्रवणयंत्र लागलं तर कान आणि मेंदू त्याला सरावायला काही आठवडे जातात, त्यामुळे ते पहिल्यांदा समारंभातच लावलं तर तुम्ही वैतागून काढून ठेवाल. तपासणी होवो न होवो, बसायची जागा मात्र तुम्ही निवडा. पाठ भिंतीला, म्हणजे मागून आवाज येत नाही. ध्वनिक्षेपकापासून लांब. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी, म्हणजे ओठ दिसतात. शेजारी एक मोकळी खुर्ची ठेवायला सांगा आणि ज्याला भेटायचंय त्याने तिथे येऊन बसावं, एका वेळी एकाने. मोठ्याने ओरडून काही उपयोग नसतो, त्याने शब्द उलट फाटतात. समोर बसून सावकाश बोलायचं, हे नातवंडांना आधीच सांगून ठेवा. त्या मोकळ्या खुर्चीवर जी माणसं येऊन बसतील ती तुम्हाला आठवतील.

एक मात्र बघा. गर्दीच्या दिवसांचंच विसरायला होत असेल तर ते वरच्या कारणाने असू शकतं. पण घरच्या शांत दिवशी, दोघांतल्याच बोलण्यातलंही विसरायला होत असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, अंगावर काढू नका.

शरीराचं थोडक्यात सांगते. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे तहान लागायची वाट बघू नका, ठरवून पाणी प्या. बाहेर जायचं म्हणून पुष्कळ बायका लघवी वाढवणारी गोळी परस्पर चुकवतात किंवा पाणीच पीत नाहीत. तसं करू नका. गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. बराच वेळ बसून एकदम उठलं की रक्तदाब खाली येऊन भोवळ येते, आणि समारंभात पडण्याचं ते एक मोठं कारण असतं. उठताना आधी पाय हलवा, क्षणभर काठावर बसा, मग कोणाचा तरी हात धरा. दोन समारंभांमध्ये निदान दोन दिवस पूर्ण कोरे ठेवा. त्या दिवशी पाहुणे नकोत, बाहेरची कामं नकोत, फोनवर लांबलेल्या गप्पाही नकोत. गेल्या वर्षी जो आठवडा तुम्ही महिना संपल्यावर अंथरुणावर काढलात, तो या वर्षी आधीच महिनाभर वाटून घ्या.

तुमच्या यजमानांचा दिवस कोणाच्या लक्षात राहणार नाही असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं तो सगळ्यांच्या लक्षात आहे. आईला आनंदाच्या महिन्यात रडू येऊ नये म्हणून कोणी विषय काढणार नाही, आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही काढणार नाही. असे दिवस जवळ आले की झोप उडते, उगाच चिडचिड होते, काही तरी दुखायला लागतं, आणि कारण लक्षात येत नाही. म्हणून आधीच बोला. त्या दिवशी कोणताच समारंभ ठेवायचा नाही, हे सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. कोणी सोबत हवं असेल तर कोण हवं ते नावाने सांगा. एकटीलाच राहायचं असेल तर तसं सांगा. आणि एरवीच्या समारंभांत त्यांचं नाव घ्या. लेकीला पत्रात, नातवाला फोनवर, ‘आज हे असते तर असं म्हणाले असते’ म्हणा. थोडं पाणी येईल डोळ्यांत, येऊ दे. न बोलता हसत राहण्यात यापेक्षा जास्त ताकद जाते.

मुलांना हे सगळं कसं सांगायचं, ही तुमची खरी अडचण आहे. वेगवेगळं सांगू नका, नाहीतर ‘तिच्याकडे गेलीस, माझ्याकडे नाही’ सुरू होतं. सगळ्यांना एकदम आणि लिहून कळवा, महिना सुरू व्हायच्या आत. असं काहीसं:

‘मुलांनो, पुढचा महिना आपल्या घराचा फार चांगला महिना आहे आणि मला त्यातला एकही माणूस चुकवायचा नाही. म्हणून मी काही समारंभ चुकवणार आहे. प्रत्येकाला मी स्वतंत्र वेळ देणार आहे, तो कधी ते सोबत लिहिलंय. जिथे येईन तिथून दीड तासाने मला घरी सोडायला कोण येणार, ते आत्ताच ठरवा. बाबांचा दिवस मोकळा ठेवा. यावर कोणाला वाईट वाटलं तर माझ्याशी बोला, आपापसांत नको.’

घरी सोडणाऱ्याचा मुद्दा अजिबात गाळू नका. निघायची वेळ झाली तरी गाडी कोणाकडे, कोण मोकळं, यात तास जातो आणि तुम्ही ‘असू दे, थांबते’ म्हणता. तो माणूस आधी नेमलेला असला की कोणाच्या आनंदात खंड न पाडता तुम्हाला उठता येतं.

मुलं पहिल्यांदा हिरमुसतील. ती रागावलेली नसतील, घाबरलेली असतील. आईने एक समारंभ टाळला म्हणजे आई म्हातारी झाली, हे त्यांना त्या क्षणी मान्य करावं लागतं. त्यांना थोडा अवधी द्या, पण ठरवलेलं बदलू नका.

राहिली पंच्याहत्तरी. स्वतःबद्दल एवढंसंच लिहून तुम्ही मोकळ्या झालात, ‘मुलं ठरवतील’ म्हणून. त्यांना ठरवू दिलंत तर ती मोठं सभागृह घेतील, दीडशे माणसं बोलावतील, तुम्हाला मंचावर बसवतील, आणि त्या मंचावर तुम्ही पुन्हा हसत बसाल. तुम्हाला तेच मनापासून हवं असेल तर जरूर करा. नको असेल तर मी एक सुचवते. दिवसभर घरीच राहा. सकाळी लेक आणि जावई, दुपारी चार वर्षांचा नातू एकटा, संध्याकाळी दोन्ही मोठी नातवंडं, शेवटी धाकटा मुलगा. सून आणि बाळ जमेल तसं. मध्ये विश्रांती. सगळ्यांचा एकत्र फोटो हवाच असेल तर तेवढी पंधरा मिनिटं सगळ्यांनी यावं. नातेवाईक, मैत्रिणी यांना त्या आठवड्यात एकेक करून फोन करा.

यातलं काहीही ठरवा, पण मुलांना या चार दिवसांत कळवा, सभागृहाचे पैसे भरून व्हायच्या आत.